देव अजून पाण्यातच आहेत

गुरुवार, रात्री

काल संध्याकाळी आई शेजारी जाऊन बसली होती म्हणून दिवा लावायला मी गेले, तर देवघर रिकामं. लाल कापड, घंटा, समई, एवढंच. अन्नपूर्णा, बाळकृष्ण, खंडोबाचा टाक, आईच्या माहेरून आलेला भवानीचा टाक, सगळे बाजूला तांब्याच्या पातेल्यात, वर चार बोटं पाणी.

वहिनी भाकऱ्या थापत होती. विचारलं, तर मान वर न करता म्हणाली, "शनिवारी रात्रीच घातले आईंनी. तुमच्या शर्यतीसाठी."

शर्यत म्हणजे गोव्याची हाफ आयर्नमन, आधी समुद्रात पोहणं, मग सायकल, मग पळणं. ती रविवारी झाली. मंगळवारी पहाटे मी घरी आले, हातीपायी धड. मेडल आईच्या हातात दिलं. तिनं ते उलटसुलट करून बघितलं, डोळ्यांना लावलं आणि टीव्हीजवळ ठेवून दिलं. मग देव अजून पाण्यात कशाला? काम झालं की देव बाहेर काढतात. म्हणजे तिचं काम झालेलं नाही. माझी शर्यत नीट पार पडावी एवढंच तिनं मागितलं असतं, तर रविवारी रात्रीच देव पुसून जागेवर बसायला हवे होते. मग मागितलंय तरी काय? कालपासून डोक्यात दुसरं काही नाही.

रविवारचं मी अजून कुठंच लिहिलेलं नाही. लिहायचं ठरवलं होतं ते वेगळंच होतं.

गोव्यात मिरामारच्या वाळूवर उभी राहिले तेव्हा नुकतं फटफटत होतं. पोहायचं १.९ किलोमीटर, मुदत १ तास १० मिनिटं. तेवढ्यात बाहेर आलं नाही तर तिथंच थांबवतात, सायकलला हातसुद्धा लावता येत नाही. आपल्या तलावात तळाला काळी पट्टी असते, तिच्यावर नजर ठेवली की माणूस सरळ जातो. समुद्रात खाली काही दिसत नाही. आठ-दहा हात मारायचे, डोळे पाण्यावर काढून वाट दाखवणारा तरंगता बोया शोधायचा, परत खाली. मध्येच लाट आली की बोया गायब, मग अंदाजानं. दमलं तर मदतीला ठेवलेली छोटी होडी, कयाक, धरून थांबता येतं, कयाकनं पुढं ओढून नेलं नाही म्हणजे झालं. मी धरली नाही. पण ती तिथं आहे हे दिसत राहिलं, तेवढ्यावर श्वास जागेवर आला. ज्या गावात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, तिथं मी हे शिकले. उन्हाळ्यात पाण्याची ओरड सुरू झाली की तलाव बंद होईल या धास्तीनं रोज गेटवरचा फळा वाचत होते. बाहेर पडले तेव्हा दहाएक मिनिटं हातात होती. वाळूवर पाय लागले आणि रडू आलं. ते तिथंच गिळून सायकलकडं पळाले, कारण हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकल स्टँडवरून काढलेली चालत नाही, आणि माझी बोटं थरथरत होती.

सायकलचे ९० किलोमीटर मला घरचे. सोलापूर-तुळजापूर जाऊन-येऊन तेवढंच भरतं. हिप्परग्याचं तळं, तामलवाडी, माळुंब्रा, शेवटी घाट. किती रविवार त्या रस्त्यावर गेलेत. इथं फक्त पुढच्या सायकलपासून १२ मीटर मागं राहायचं, दुसऱ्याच्या आडोशानं वारा चुकवायचा नाही, एवढाच फरक. सायकलबद्दल जास्त लिहिण्यासारखं काही नाही, ती चांगली झाली.

पळण्याबद्दल मात्र मला बोलायचं होतं. २१.१ किलोमीटर. मला वाटायचं, मे महिन्यात होटगी रोडला पळणाऱ्या बाईला गोव्याचं ऊन काय करणार? पण आपलं ऊन कोरडं. ४३ अंशांत घाम दिसतसुद्धा नाही, आला की उडतो, आणि उडतो म्हणूनच अंग गार राहतं. गोव्यात पारा आपल्यापेक्षा कितीतरी खाली, पण हवेतच इतकी ओल की घाम उडत नाही, नुसता वाहतो. आतली आग आतच राहते. बाराव्या किलोमीटरनंतर मी टोपीत बर्फ भरून पळत होते, तरी कान जळत होते. मीठ तोंडात धरलं, चालले, परत पळाले. एक बाई समोरून येताना हात वर करून गेली, मीही केला. नाव माहीत नाही. साडेआठ तासांची मुदत होती, मी आठच्या आत पोहोचले. शेवटच्या वळणावर माझं नाव माईकवर ऐकू आलं, आणि मला आठवतंय, त्या क्षणी मला वाटलं की हे सगळं माझं आहे. नोकरी, घर, गेल्या तीन-चार वर्षांत जे झालं ते, यातलं काहीच त्यात नव्हतं. पूर्ण माझं.

ते कुणीतरी विचारावं असं वाटत होतं. मंगळवारपासून घरात पळण्याबद्दल कुणी एक शब्द विचारला नाही. विषय एकच, पाणी.

झालं असं की रविवारी सगळे वहिनीच्या फोनला चिकटून बसले होते. घोट्याला चिप असते, ठरावीक जागी अंथरलेल्या मॅटवर पाय पडला की नोंद होते, मधल्या वेळात फोनवर जो ठिपका सरकतो तो निव्वळ अंदाज. माझा ठिपका समुद्रातच थांबला. का थांबला कुणाला ठाऊक. मी तोवर सायकलवर होते, वाऱ्याला शिव्या देत होते, आणि इकडं पावणेदोन तास मी पाण्यात. दादानं मला फोन लावला. फोन माझ्या पिशवीत, मैदानावर. छोटूनं हिशोब मांडला की १ तास १० मिनिटांनंतर पाण्यात कुणाला राहू देत नाहीत, म्हणजे आत्या बाहेरच असणार. वहिनी म्हणाली, आईंनी ते ऐकलं, मान हलवली आणि पातेल्यासमोरून उठल्या नाहीत.

मामाच्या विहिरीत मी पाठीला डबा बांधून पोहायला शिकले तेव्हा आई काठावर उभी असायची. नंतर ती काठावरही येईनाशी झाली. विहिरीचा विषय आमच्या घरात कुणी काढत नाही, मीही इथं काढत नाही.

काल हे सगळं ऐकलं आणि मला राग आला. लिहायला लाज वाटत नाही, खरंच राग आला. मी कुणाला काही मागितलं नव्हतं. पहाटे चारला उठून, कुणाची झोप न मोडता, स्वतःचा डबा स्वतः करून मी हे केलं, ते कुणावर भार नको म्हणूनच ना? आणि आता कळतंय की तो दिवस माझ्याइतकाच तिनंही काढला. मी पाण्यातून बाहेर आले तेव्हाही ती पाण्यातच होती. मग तो दिवस पूर्ण माझा कसा? आणि नसेल, तर मला आयुष्यात पूर्ण माझं असं काय आहे? काल रात्री उशी ओली झाली. चाळिशीत असं रडायला लागलं की थांबवायला कुणी नसतं, आपलं आपणच थांबायचं.

त्यात जेवताना दादानं आईसमोरच विचारलं होतं, "आता फुल करणार ना?" फुल म्हणजे ३.८ किलोमीटर पोहणं, १८० सायकल, ४२.२ पळणं, मुदत १७ तास. मी उत्तर दिलं नाही. छोटूनं लगेच फोनवर शोधून वाचायला सुरुवात केली. पहिली आयर्नमन १९७८ मध्ये हवाईच्या ओआहू बेटावर झाली, १५ जण उतरले, १२ जण शेवटपर्यंत पोहोचले, पहिला आलेल्या गॉर्डन हॉलरला ११ तास ४६ मिनिटं लागली. सगळे त्या ११ तासांबद्दल बोलायला लागले. आई म्हणाली, "आणि राहिलेले तिघं?"

छोटूला सांगता आलं नाही. "घरी गेले असतील की," दादा म्हणाला. आईनं ताट उचललं.

आज पहाटे नळ आला. पिंप, हंडे, बादल्या भरून झाल्यावर बघते तर आई पातेल्यातलं शिळं पाणी तुळशीत ओतून देवांवर ताजं पाणी घालत होती. म्हटलं, विचारूनच टाकू.

"अजून किती दिवस गं?"

"रविवारी घट बसायचेत. त्याआधी काढीन की."

"पण मी तर मंगळवारीच आले."

"आलीस की."

"मग काय बोलली होतीस देवाला?"

"बोललेलं सांगायचं नसतं." थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "कोजागिरीला तुळजापूरला चालत येते म्हणाले होते. तेवढं सांगायला हरकत नाही, घरात कळणारच की."

आईचे गुडघे. डॉक्टरांनी जिना बंद करायला सांगितलाय. मागच्या कोजागिरीला ती इथल्या रूपाभवानीच्या देवळापर्यंत रिक्षानं जाऊन परत आली, चालणाऱ्यांना हात जोडून. तुळजापूर ४५ किलोमीटर, शेवटी चढ, अख्खी रात्र. माझ्या तोंडून भराभर निघून गेलं: गुडघ्यांचं काय, त्या गर्दीत काही झालं तर, तुझा फोन लागणार नाही, आम्ही रात्रभर इथं बसून काय करायचं?

तिनं भवानीचा टाक पदरानं पुसला, परत पाण्यात ठेवला. "मी तुला जाऊ नको म्हणाले होते का?"

म्हणाली नव्हती. पितृपंधरवड्यात समुद्राकडं कशाला, एवढंच, आणि तेही एकदाच. नंतर निघताना मला डब्यात शेंगाचटणी आणि कडक भाकरी बांधून दिली होती.

यावर मला काही बोलता आलं नाही. कामावर दिवसभर तेच. तिनं काय मागितलंय ते मला कधीच कळणार नाही, मी सुखरूप यावं हे, की मी परत पाण्यात उतरू नये हे. मला वाटतं दोन्ही असेल. तिची तिलाही ती दोन वेगळी वाटत नसतील. सकाळी याचाच राग येत होता, संध्याकाळी घरी येताना येत नव्हता. कधी गेला ते सांगता येणार नाही.

दादाला फोनवर सांगितलं तर तो म्हणतो, आई तुझ्याआधीची आयर्नमन आहे, मॅरेथॉनपेक्षा तीन किलोमीटर जास्त, तेही अनवाणी, इतकी वर्षं. सगळे असंच म्हणतील. मला ते पटत नाही. मी घड्याळ लावून पळते, मला माझ्या अंगातून किती निघतं ते बघायचं असतं. ती कुणाला तरी भेटायला जाते. तिला किती वेळ लागला ते तिनं कधी बघितलेलंही नाही. एकाला दुसऱ्याच्या मापात बसवलं की दोघींवर अन्याय होतो.

पण चालायचं कसं ते मला माहीत आहे. रात्री तिच्यासमोर वही घेऊन बसले. म्हटलं, घट बसले की रोज संध्याकाळी थोडं थोडं चालू, एक दिवस हिप्परग्यापर्यंत, आणि शेवटचे तीन दिवस पूर्ण विश्रांती. दोन आठवड्यांत गुडघे काही नवे होत नाहीत, पण पायांना सवय होते. बोटांच्या मध्ये व्हॅसलीन. तहान लागायची वाट न बघता दर अर्ध्या तासाला दोन घोट, त्यात मीठ-साखर. केळी आपली न्यायला नकोत, रस्ताभर मंडळांची असतात, चहा आणि साबुदाण्याची खिचडीसुद्धा. पहिले दहा किलोमीटर मुद्दाम हळू. तामलवाडीला गुडघे बोलायला लागले तर तिथून दादा गाडी... इथं तिनं मला थांबवलं. त्या रात्री रस्ता गाड्यांना बंद असतो.

"मग तामलवाडीला बसू," मी म्हटलं. "दुखायचं थांबेपर्यंत बसू. मुदत थोडीच आहे?"

"चालायचा कसला आलाय सराव," म्हणाली, पण नाही म्हणाली नाही. मोजे घालायला तयार नाही. त्यावर उद्या परत बोलेन. मग तिनं तिची अट सांगितली.

"तू माझ्या मागं चालायचं. पुढं जाऊन थांबते म्हणशील तर नको येऊस. पुढं गेलीस की तू दिसत नाहीस मला."

मी हो म्हटलं. दोन दिवसांच्या रजेचा अर्ज उद्या टाकते.