व्हय, व्हय

एका पेशंटच्या फाइलमध्ये माझ्याच अक्षरात लिहिलंय, "ब्लॉकनंतर १५ मिनिटं. वेदना १० पैकी २. पेशंट समाधानी." ब्लॉक म्हणजे दुखणारी नस बधिर करायची सुई. यातली १५ मिनिटं तेवढी खरी, बाकी सगळं मी माझ्या मनानं लिहिलेलं, आणि ते मला कळायला १२ दिवस लागले.

मी मिरजेत ॲनेस्थेटिस्ट आहे, म्हणजे लोकांच्या भाषेत भूलवाल्या डॉक्टरीणबाई, आणि आठवड्यातून दोन दुपारी पेन ओपीडी, म्हणजे जुनाट दुखण्यांचे पेशंट, बघते. इथं येणारा पेशंट बहुतेक वेळा चार ठिकाणं फिरून, पिशवीभर फिल्म घेऊन येतो आणि तुम्ही काही बोलायच्या आत सांगतो की रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक बदललंय, पण या मावशी तासगाव भागातल्या, पन्नाशीच्या, द्राक्षबागेत मजुरीला जाणाऱ्या. दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलात डाव्या कानामागून कवटी उघडून ऐकण्याच्या नसेवरची गाठ काढलेली. कॅन्सरची नाही, साधी, पण ३ सेंटिमीटरची. सर्जननं गाठ सुंदर काढलीय आणि चेहऱ्याची नस वाचवलीय, डोळा पूर्ण मिटतो, तोंड वाकडं नाही, हे सोपं काम नाही त्यामुळे त्यात वादच नाही. डावा कान मात्र कायमचा गेला. आणि ऑपरेशननंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी जी डोकेदुखी सुरू झाली ती दोन वर्षं थांबलीच नव्हती.

त्या तीन वेळा परत तिकडं जाऊन आल्या. तिन्ही वेळा उत्तर एकच, एमआरआय क्लीन आहे, गाठ नाही, टेन्शन घेऊ नका. आता गाठ नाही हे खरंय, पण बाई गाठ आहे का विचारायला गेलीच नव्हती, ती दुखतंय म्हणून गेली होती. कवटीच्या ऑपरेशननंतर तीन महिन्यांच्या पुढं टिकणाऱ्या डोकेदुखीला स्वतंत्र नाव आहे, निदानाच्या यादीत जागा आहे, आणि कानामागच्या या वाटेनं ऑपरेशन झालेल्यांत ती काही दुर्मिळ नाही, तरी टेन्शन.

डिस्चार्ज कार्डवर हाड परत बसवलं का नाही याबद्दल एक शब्द नव्हता. हे मला का हवं तर या भागात काही वेळा हाडाचा तुकडा परत बसवत नाहीत, मग मानेचे स्नायू थेट मेंदूच्या आवरणाला चिकटतात आणि मान हलली की ते ओढलं जातं. दुसरं म्हणजे हाड नसलेल्या जागी अंदाजानं सुई घातली तर ती आत जाऊ शकते, बधिर करायचं औषध मेंदूभोवतीच्या पाण्यात गेलं की पेशंट टेबलावरच बेशुद्ध, श्वास बंद. आमचा ज्युनिअर "मॅडम, लँडमार्कवर पटकन देऊन टाकू का?" (म्हणजे हाताला लागणाऱ्या खुणांच्या अंदाजानं) म्हणत हातात सिरिंज भरून उभा होता. पोरगा हुशार आहे, पण पटकन हा शब्द त्याच्या तोंडातून जाईपर्यंत मी त्याला एकट्याला सुई देणार नाही. पिशवीतून जुना सीटी काढला, बोन विंडो, म्हणजे हाडं स्पष्ट दिसतात ती चित्रं, बघितली, डावीकडे दोन-अडीच सेंटिमीटरचं भोक. हाड नव्हतंच.

म्हणून सोनोग्राफी. इथं थोडं कायद्याबद्दल बोलून घेते. १९९४ चा पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान बंदीचा कायदा ज्यासाठी आहे त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, मुली मारल्या जात होत्या आणि आमच्याच व्यवसायातले लोक त्यात होते. पण मानेतली नस बघायला घेतलेल्या मशीनलाही तीच नोंदणी, मशीन एका जागेला बांधलेलं, पलीकडच्या हॉस्पिटलात उचलून नेता येत नाही, आणि दारावर तो बोर्ड. मावशींचे मालक बाहेर बसून 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' असं सावकाश वाचून आत आले आणि म्हणाले, "म्याडम, हितं डोस्क्याचंच बघत्यात न्हवं?"

तर पहिला ब्लॉक. मावशींनी दुखणं दाखवलं ते तळहातानं, मानेच्या वळणापासून डोक्यावरून पार कपाळाकडं हात फिरवला. मी मनात लिहून टाकलं, ग्रेटर ऑक्सिपिटल, म्हणजे डोक्याच्या मागच्या भागाची मोठी नस. पालथं झोपवलं, छातीखाली उशी, कपाळाखाली रिंग. केस कापत नाही आम्ही, चिकटपट्टीनं वर बांधतो, आणि खोबरेल तेलावर चिकटपट्टी टिकत नाही हे कुठल्याही पुस्तकात नसतं, आधी स्पिरिटनं दोन वेळा पुसावं लागतं आणि सिस्टर माझ्याकडं बघून सुस्कारा टाकतात. प्रोब, म्हणजे सोनोग्राफीचा हातात धरायचा भाग, डोक्यामागच्या उंचवट्यावर ठेवून खाली सरकवत आणायचा. पहिल्या मणक्याला मागं शेंडा नसतो, दुसऱ्याला दोन शिंगं असतात, ती दिसली की आपण बरोबर मजल्यावर आलो. मग प्रोबचं बाहेरचं टोक जरा वर वळवायचं. खाली तिरपा जाड स्नायू दिसतो, त्याच्यावर दुसरा पसरलेला, आणि दोघांच्या मधे मसुराएवढी काळसर नस. कलर डॉपलर लावून मेंदूकडं जाणारी रक्तवाहिनी बाजूला कुठं आहे ते बघून ठेवायचं, ही पायरी कधी सोडायची नाही. ही जागा हाडाच्या भोकाच्या चांगली खाली, त्यामुळे त्या दिवशी मी निर्धास्त होते. २५ गेजची सुई, आधी अर्धा मिली सलाइन, आणि दोन स्नायूंच्या मधे काळी फट उघडत गेली, नस त्यात तरंगायला लागली. इतकं स्वच्छ चित्र महिन्यातून एकदा मिळतं. ज्युनिअरला फोटो सेव्ह करायला लावला. ३ मिली बुपिव्हाकेन, हे बधिर करायचं औषध, पाव टक्क्याचं, आणि ४ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, हे पातळ स्टेरॉइड. दाट स्टेरॉइड मी इथं वापरत नाही, त्यानं कधीकधी त्या जागचे केस जातात, कातडीला खड्डा पडतो, आणि डोक्यावर चाईसारखा ठिपका घेऊन बाईनं फिरायचं कशाला.

मग त्यांना उजव्या कुशीवर वळवलं, डावी बाजू वर, म्हणजे मला तपासता येईल. मी डाव्या बाजूला स्टूलवर. मास्क खाली ओढला, खुशीत होतेच. कापूस फिरवला, मग पिन टोचली, मागचं डोकं पार वरपर्यंत बधिर, टोचलं तरी हलल्या नाहीत. "बधिर झालंय ना मावशी?" "व्हय." "ठणका कमी झाला ना?" "व्हय." "बराच कमी?" "व्हय, व्हय." "दहापैकी दोन म्हणू का?" "व्हय."

लिहिलं, सही केली, फोटो आमच्या ग्रुपवर टाकला, अंगठे आले.

१२ दिवसांनी आल्या तेव्हा मालकांच्या ऐवजी लेक बरोबर होती. मी विचारलं किती दिवस बरं होतं, तर लेक म्हणाली, कधी बरं होतं? त्या दिवशी सांगलीच्या पुढं गाडीतच दोन गोळ्या खाल्ल्या तिनं. मी फाइल उलटी करून दाखवायला लागले, बघा, १० पैकी २ लिहिलंय. पोरगी म्हणाली, "मॅडम, तुम्ही डाव्या बाजूनं बोललात का? तिला डाव्या बाजूनं काय पण बोला, ती व्हय म्हणते. घरात पण तसंच चालतंय."

डावा कान पूर्ण बंद, हे त्याच फाइलच्या पहिल्या पानावर मीच लिहिलेलं. आणि तिचा एकमेव चालू कान मी स्वतः उशीत दाबून ठेवला होता. मी उठून उजवीकडं गेले आणि मावशींना विचारलं, तर त्या ओशाळून म्हणाल्या, "काय बोलत हुता ते कळालं न्हाई म्याडम. पर तुमी हसत हुता. म्हनून म्या व्हय म्हनलं."

आणि मला जे खटकतंय ते फक्त कानाचं नाही. कान दोन्ही चालू असते तरी मी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नात उत्तर आधीच भरलेलं होतं. आमच्याकडं पेशंट एवढ्या लांबून, एवढे पैसे मोडून येतो, डॉक्टर समोर खुशीत आहे, त्याला नाही म्हणायची कुणाची टाप आहे? रोजच्या किती फाइलींत असले दोन आणि तीन मी लिहिलेत देव जाणे.

त्या दिवशी उजवीकडं बसून सांगितलं, मावशी, एका बोटानं दाखवा. तळहात नको. त्यांनी बराच वेळ चाचपलं आणि बोट ठेवलं ते कानामागं दोन बोटांवर, व्रणाच्या खालच्या टोकाला. मी तिथं हलकं टिचकलं तर "आई गं" म्हणून खांदा वर आला, आणि वीज कानाच्या पाळीच्या वर पार टोकापर्यंत गेली म्हणाल्या. ही मोठी नस नव्हेच, ही धाकटी, लेसर ऑक्सिपिटल, मानेच्या बाजूच्या मोठ्या स्नायूच्या मागच्या कडेनं वर चढते आणि ऑपरेशनच्या चिरेत बरोबर सापडते. कापलेल्या टोकाला गाठ आली असेल नाहीतर व्रणात अडकली असेल. माझं ते देखणं चित्र दुसऱ्याच नसेचं होतं. नस बधिर झाली, दुखणं जागेवर, म्हणजे खरं तर पहिल्या ब्लॉकनं मला तेव्हाच उत्तर दिलं होतं, मी ऐकलं नाही. बहिरी नक्की कोण होतं म्हणायचं.

गोळ्यांचा हिशोबही त्याच दिवशी लेकीकडून कळला. तीन औषधं एकात असलेली डोकेदुखीची गोळी, गावातल्या दुकानातून, रोज दोन-तीन. असल्या मिश्र गोळ्या महिन्यातले १० किंवा जास्त दिवस, तीन महिन्यांच्या वर घेतल्या की त्याच डोकेदुखी करायला लागतात. मी दिलेली ॲमिट्रिप्टिलिन, मूळची डिप्रेशनची पण कमी डोसमध्ये नसेच्या दुखण्यावर चालणारी गोळी, १० मिलिग्रॅम, रात्रीची, ती घेतलीच नव्हती, कारण मेडिकलमधल्या पोरानं सांगितलं ही येड्याची गोळी आहे. या पोरांना दहावीनंतर थेट काउंटरवर उभं करतात आणि माझ्या चिठ्ठीवर तो शेवटचा शब्द बोलतो.

दुसरा ब्लॉक दिसायला काहीच नाही. स्नायूच्या कडेला, भोकापासून खाली, सुई कातडीला जवळजवळ समांतर, दीड मिली. जास्त नाही, नाहीतर औषध शेजारच्या नसेवर उतरतं आणि खांदा उचलायला जड होतो. चित्रही धूसर, व्रणामुळे सगळं राखाडी. मग उजवीकडं गेले, मास्क काढला, "आता कसं आहे?" एवढंच विचारलं आणि गप्प बसले. गप्प बसणं मला जमत नाही, नवरा साक्षीला आहे. मावशी पण गप्प. त्यांनी व्रणावर बोट ठेवलं, दाबलं, परत दाबलं. आणि काही न बोलता डाव्या कुशीवर वळल्या, डोकं उशीवर त्याच बाजूनं टेकवलं. दोन वर्षांत त्या बाजूवर झोपल्या नव्हत्या. पाच मिनिटांत घोरायला लागल्या. सिस्टर दोनदा येऊन बेड रिकामा करायचाय म्हणून गेल्या, मी तासभर उठवू दिलं नाही.

पुढं नऊ दिवस चांगले गेले, मग निम्मं परत आलं, महिन्यानं अजून एक दिला, ते जास्त टिकलं. बुपिव्हाकेन काही तासांत उतरतं, मग आराम आठवडे का टिकतो हे मलाही लेकीला धड समजावता आलं नाही. शिवाय मी एकाच दिवशी ब्लॉक दिला, गोळ्या बंद केल्या, ॲमिट्रिप्टिलिन सुरू करवली, आणि नेमकी तेव्हा बागेची कामं नव्हती म्हणून मान विश्रांतीला होती. यातलं कशानं बरं वाटलं? ज्युनिअरला वाटतं सुईनं. मला वाटतं तसं वाटून घ्यायला मला आवडेल.

कारण ऑक्टोबर छाटणी झाली, मग घडांचं डिपिंग, म्हणजे घड औषधात बुडवणं, मग विरळणी. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी, मांडवाखाली दिवसभर मान वर करून, छोट्या कात्रीनं घडातले मणी एकेक काढायचे. मानेच्या वरच्या सांध्याला यापेक्षा वाईट काम मला तरी सुचत नाही. मी म्हणाले होते या हंगामात जाऊ नका. मालक म्हणाले, ऑपरेशनचं कर्ज कोण फेडणार. पल्स्ड रेडिओफ्रिक्वेन्सीचं, म्हणजे सुईतून नसेला रेडिओलहरींचे झटके द्यायचं, सांगून ठेवलंय, ४२ डिग्रीपर्यंतच तापवतात, नस जाळत नाहीत, त्याचा खर्च ऐकून लेक म्हणाली बेदाणा झाल्यावर बघू.

परवा त्यांचा फोन आला, लेकीच्या मोबाइलवरून, उजव्या कानाला धरूनच असणार. मागं मांडवातल्या बायकांचा कलकलाट. मी विचारलं कसं आहे. "हाय थोडं. दुपार कलली की येतंय." गोळ्या? "न्हाई, तुमची राच्चीची तेवढीच." मग मी म्हणाले, मावशी, मला आकडा पाहिजे, दहापैकी किती? त्या जरा थांबल्या.

"मागल्या टायमाला किती लिवलं हुतं म्याडम? दोन न्हवं? मग दोनच लिवा की."

फाइल तेव्हापासून टेबलावर उघडी आहे. तो रकाना मी अजून भरलेला नाही.