जळमट आणि शिंजीर

पक्ष्यांनी आपल्या गॅलरीत घरटं करावं असं वाटत असेल, तर आधी झाडझूड कमी करावी, या माझ्या मताला घरात कवडीची किंमत नाही. तरी मी ते सोडलेलं नाही, कारण माझ्या बाजूने एक भक्कम साक्षीदार आहे: शिंजीर नावाच्या चिमुकल्या पक्ष्याची मादी.

केबलवाल्याने काढून न नेलेली एक वायर आमच्या गॅलरीत लोंबते. फाल्गुन सरता सरता तिला काहीतरी चिकटलेलं दिसू लागलं. शिंजीर चोचीपासून शेपटीपर्यंत जेमतेम १० सेंटीमीटर, वजन ८ ग्रॅमच्या आसपास. नराच्या गळ्यावर जांभळी झळाळी, माथ्यावर हिरवी. मादी वरून मातकट, पोटाला पिवळसर. बांधकाम सगळं तिच्याकडे. नवरोजी जास्वंदीवर बसून गाणार, फार तर तिच्या मागेपुढे उडणार, काडी म्हणून उचलणार नाहीत. (कुणाची आठवण झाली ते सांगत नाही.)

ती छताच्या कोपऱ्याशी पंख फडफडवत अधांतरी थांबायची, चोचीने कोळ्याचं जाळं ओढायची आणि वायरीभोवती गुंडाळायची. जाळं चिकट, शिवाय ताणलं तरी सहसा तुटत नाही; पिल्लं वाढली की घरटंही थोडं ऐसपैस होतं. त्या जाळ्यात मग गवत, सालीचे कपटे, वाळकी पानं, सुरवंटाच्या लेंड्यासुद्धा. लेंड्या बाहेरून, अगदी दर्शनी भागात! आतून मात्र सावरीचा मऊ कापूस. तो चैत्रात आमच्या रस्त्यावर उडतच असतो. बाजूला वाटोळं दार आणि दारावर चक्क छज्जा.

एवढी कारागिरी करून ते दिसतं कसं? जळमटासारखं. कावळ्याच्या, भारद्वाजाच्या नजरेतून सुटायचं तर तसंच दिसायला हवं. पंचाईत एवढीच की कामाच्या मावशीही फसतात. त्यांचा झाडू तिथवर गेला तेव्हा मी मध्ये पडलो आणि दारातून डोकावणारी बाकदार चोच दाखवली. "अगं बाई, बाळंतीण आहे होय!" म्हणत त्यांनी झाडू खाली घेतला. तेव्हापासून गॅलरीचं दार जोरात लागलं की बोलणी मला बसतात, आणि चादरी बेडरूममध्ये वाळतात.

अंडी बहुधा दोन. उबवणं साधारण पंधरवडाभर. पिल्लं बाहेर आल्यावर मात्र नरही चारा आणू लागला, हे त्याच्या बाजूने नोंदवायलाच हवं. हा पक्षी मधावर जगतो खरा, पण नुसत्या मधावर पोरं वाढत नाहीत. त्यांना किडे, अळ्या आणि कोळी लागतात. म्हणजे ज्याच्या जाळ्यावर घर उभं राहिलं, तोच पोरांच्या तोंडी!

समोरच्या काकूंनी दुकानातून लाकडी घरटं आणून टांगलंय, शेजारी पाण्याचं भांडं, राळ्याची वाटी. पेटीत एखादी चिमणी किंवा दयाळ शिरेलही, पण काकूंना शिंजीरच हवाय. "आमच्याकडे का येत नाही हो तो?" त्यांचं छत नुकतंच रंगवलेलं, फरशी फिनेलने पुसलेली, कोपऱ्यात औषधालासुद्धा जाळं नाही. मी खरं कारण सांगितलं. त्या माझ्याशी काहीच बोलल्या नाहीत. मोठ्या सहानुभूतीने माझ्या बायकोकडे बघत राहिल्या.