कड्याखालच्या वस्तीचे चित्र

आज रत्नागिरीत एका चित्रकार मित्राच्या घरी त्याचे नुकतेच पूर्ण झालेले जलरंगातील निसर्गचित्र निवांतपणे पाहता आले. विषय होता अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातल्या मेसा व्हर्डे येथील ‘क्लिफ पॅलेस’, म्हणजे वालुकाश्माच्या कड्यातील प्रशस्त कपारीत पुएब्लो या तिथल्या मूळनिवासी लोकांच्या पूर्वजांनी मुख्यतः १३ व्या शतकात उभारलेली सुमारे १५० खोल्यांची वस्ती.

चित्राची खरी ताकद सावलीत आहे. माथ्यावरच्या खडकाची सावली त्याने काळ्या रंगाने न भरता निळसर जांभळ्या, पातळ थरांनी चढवली असून, चौकोनी मनोऱ्यावरच्या उन्हासाठी कागद जवळजवळ कोराच सोडला आहे. (आपल्या दमट हवेत एकेक थर वाळेपर्यंत हात आवरून बसणे, हे येरागबाळ्याचे काम नव्हे.) भिंतींचा रंग मात्र मला खटकला, तो पिवळसर वालुकाश्मापेक्षा जांभ्याच्या चिऱ्याकडे झुकला आहे. तसे बोलून दाखवताच तो हसून म्हणाला, “अरे, डोळ्यांना सवय तांबड्याचीच, हात तिकडेच वळतो.”

इ.स. १३०० च्या सुमारास ही वस्ती ओस पडली, म्हणून त्याने चित्रात माणूस घेतलेला नाही. तरीही कड्याची उंची कळण्यासाठी भिंतीला टेकलेली एखादी लाकडी शिडी हवी होती, असे माझे मत आहे.