तीन लाखांत कोणती जुनी गाडी घेऊ?

"ताई, तीन लाख जमवलेत. कोणती जुनी गाडी घेऊ?" साताऱ्यातल्या एका पतसंस्थेत वाहनकर्जाच्या टेबलावर बसते, त्यामुळे हा प्रश्न मला कामावर येतो, लग्नाच्या पंगतीत येतो आणि माहेरी गेले की वहिनीच्या भावाकडूनही येतो. विचारणाऱ्याच्या घरातली बहुतेक वेळा ती पहिलीच चारचाकी असते. त्याला माझ्याकडून गाडीचं नाव हवं असतं. मी आधी विचारते, "या तीन लाखांतले गाडीला किती देणार?" समोरचा चक्रावतो, कारण त्याने तिन्ही लाख गाडीसाठीच धरलेले असतात.

तीन लाख हातात असतील तर सव्वादोन, फार तर दोन लाख चाळीस हजारांची गाडी बघा. बाकीचे पैसे बँकेत राहू द्या. पहिल्या वर्षात ते लागतातच. सगळ्या फायली बघून आणि घरची २०१४ची वॅगन-आर वापरून माझं हे मत पक्कं झालंय.

पैसे जातात कुठे ते सांगते. समजा दहा वर्षांची पेट्रोलची छोटी गाडी घेतली. नाव बदलायची सरकारी फी काही शे रुपयेच असते, पण एजंट धरला की तीन-चार हजार गेले. विमा सात-साडेसात हजार. विकणाऱ्याने टायर बदलायचे टाळलेले असतात, म्हणून चार टायरचे सोळा हजार. बॅटरी साडेचार हजार. इंजिन ऑइल, सगळे फिल्टर, ब्रेक पॅड, कूलंट अशी एक पूर्ण सर्व्हिस नऊ हजार, आणि क्लच संपत आलेला असला तर तेवढेच आणखी. झाले पन्नास हजार. गाडी १ एप्रिल २०१९च्या आधीची असेल आणि तिला एचएसआरपी म्हणजे सुरक्षा नंबरप्लेट लावलेली नसेल, तर ७४५ रुपये आणि वर जीएसटी. हे सगळं एकाच गाडीला एकदम लागेल असं नाही, पण यातलं निम्मं तरी लागतंच. ज्यांनी सगळे पैसे गाडीत घातले, ते चौथ्या-पाचव्या महिन्यात माझ्यासमोर वैयक्तिक कर्जाचा फॉर्म घेऊन बसतात. गुळगुळीत टायरवर खंबाटकी घाट चढणारी माणसं मला माहीत आहेत. पैसे संपले की पहिली काटकसर टायर आणि ब्रेकमध्येच होते, म्हणून मी या आकड्यावर अडून बसते.

टायरचं वय कळायला मिस्त्री लागत नाही. टायरच्या बाजूवर एका लांबट चौकटीत चार आकडे असतात. २३१९ असे आकडे असतील तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालाय. नक्षी कितीही खोल दिसू दे, सहा-सात वर्षांत रबर कडक होतं आणि बाजूला बारीक भेगा पडतात. चारही चाकांवरचे आकडे बघा, स्टेपनीही सोडू नका. आकडे जुने निघाले तर तिथल्या तिथे किमतीतून बारा-पंधरा हजार कमी करायला सांगा. हे मागायला लाजू नका, समोरच्यालाही ते माहीत असतं.

आता कागद. नाव लागल्याशिवाय गाडी तुमची होत नाही, हे मी ओरडून सांगते. नाव बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर विकणाऱ्याच्या सह्या घ्या. त्याचं कर्ज असेल तर बँकेची एनओसी म्हणजे ना हरकत पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, इसारावर थांबा. आरसीवर म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर बँकेचा बोजा तसाच असताना "आठ दिवसांत काढून देतो" म्हणणारे आठ महिने फोन उचलत नाहीत. गाडी दुसऱ्या जिल्ह्यातली असेल, म्हणजे पुण्याची एमएच-१२ साताऱ्यात आणायची असेल, तर नंबर तोच राहतो आणि टॅक्स पुन्हा भरावा लागत नाही. परराज्यातल्या गाडीचं मात्र वेगळं आहे. दिल्लीत जुन्या गाड्या चालवण्यावर निर्बंध आहेत, त्यामुळे तिकडच्या गाड्या स्वस्तात दिसतात. पण इकडे पासिंग करताना महाराष्ट्राचा वन-टाइम टॅक्स भरावा लागतो, तिकडचा परतावा मिळवायला हेलपाटे पडतात, आणि स्वस्तातली गाडी इथल्या गाडीच्या भावाला येऊन बसते.

मोटार वाहन कायद्याने खरेदी झाल्यावर तीस दिवसांत नाव बदलून घ्यायला सांगितलंय. विकणाऱ्यालाही याची घाई हवी. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केलं, की आरसीवर ज्याचं नाव आहे तोच कायद्याने मालक, आणि अपघातात भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते, गाडी प्रत्यक्षात कितीही हातांत फिरलेली असो. विकणारा टाळाटाळ करत असेल तर त्याला हे सांगा, दुसऱ्या दिवशी सही करायला येतो. व्यवहाराआधी गाडीवरची ई-चलनं बघून घ्या. आधीच्या मालकाचा फास्टॅग बंद करायला सांगा आणि स्वतःच्या नावाचा घ्या.

विम्याबद्दल लोकांचा एक समज घट्ट आहे: "पॉलिसी मार्चपर्यंत आहे, तोवर काळजी नाही." थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीचा भाग गाडीबरोबर येतो. तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग मात्र तुमच्या नावावर करून घ्यावा लागतो, त्यासाठी चौदा दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करायचा. तो केला नाही आणि गाडी ठोकली, तर दावा नाकारला जातो. शिवाय आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत, त्याचाच असतो. तो पन्नास टक्के सवलत खात असेल तर तो फरक तुम्हाला भरावा लागतो. थर्ड पार्टीचा दर इंजिनावर ठरतो. १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, त्यापुढे १५०० सीसीपर्यंत ३,४१६, आणि त्याही वर ७,८९७, वर जीएसटी. म्हणजे ९९८ सीसीची वॅगन-आर आणि ११९७ सीसीची स्विफ्ट यांत दरवर्षी तेराशेचा फरक नुसत्या इंजिनामुळे पडतो.

पुराच्या गाडीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण आपला भाग तसा आहे. ऑगस्ट २०१९मध्ये सांगली-कोल्हापूर पाण्यात होतं. जुलै २०२१मध्ये चिपळूण बुडालं, आणि चिपळूणहून कुंभार्ली घाट चढला की कराड, म्हणजे तिकडच्या गाड्या आपल्याकडे सहज येतात. मालकांची यात काहीच चूक नव्हती, आणि त्या भागातली प्रत्येक गाडी बुडालेली होती असंही नाही. एमएच-०८, ०९ किंवा १०, म्हणजे रत्नागिरी, कोल्हापूर किंवा सांगलीची गाडी दिसली म्हणून तोंड फिरवू नका. पण गाडी कुठलीही असो, दोन गोष्टी स्वतःच्या हाताने करा. ड्रायव्हरचा सीट बेल्ट शेवटपर्यंत, अगदी थांबेपर्यंत बाहेर ओढा. रोज वापरात येणारा भाग लोक धुतात, आत गुंडाळलेला भाग धुवायचं कुणाच्या लक्षात येत नाही. तिथे मातकट रेघ किंवा कुबट वास असेल तर गाडीत पाणी शिरलं होतं असं समजा. मग डिकीतली स्टेपनी बाहेर काढून खालचा खळगा बघा. तिथे वाळलेला गाळ, गंजलेले बोल्ट सापडतात. वायरिंगमध्ये पाणी गेलेली गाडी चांगली सहा महिने चालते आणि मग एकेक सेन्सर दगा देतो. हा खर्च कुठल्याच अंदाजपत्रकात बसत नाही, म्हणून अशी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी मी नको म्हणते.

रीडिंगवरही भिस्त ठेवू नका. मीटरवर ४०,००० आणि क्लचच्या पॅडलचं रबर झिजून गुळगुळीत, स्टिअरिंग चकाकलेलं, ड्रायव्हरची सीट बसलेली, हे एकमेकांशी जुळत नाही. गाडी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये जात असेल तर प्रत्येक सर्व्हिसचं रीडिंग तिथे नोंदलेलं असतं. ती नोंद विकणाऱ्याकडे मागा.

पहिलं वर्ष सरलं की दरमहा किती, हे बायका मला जास्त विचारतात, कारण घरखर्चातून पैसे त्यांना काढायचे असतात. महिन्याला ७०० किलोमीटर धरा. गावातल्या गर्दीत पंधराचं अ‍ॅव्हरेज आणि पेट्रोल शंभराच्या वर, म्हणजे किलोमीटरला सात रुपये, पेट्रोलचे ४,९०० झाले. विमा, सर्व्हिस, टायर-बॅटरीसाठी बाजूला टाकायची रक्कम आणि वर्षाला दहा-बारा हजारांची किरकोळ दुरुस्ती मिळून महिन्याला साधारण २,६००. एकूण साडेसात हजार. पीयूसीचे १२५ रुपये यात कुठेही बसतात, पण ती चुकवू नका, तिचा दंड दहा हजारांपर्यंत जातो. या हिशेबातले २,६०० गाडी दारात उभी असली तरी जातात, हे लोकांना पटवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे आणि २०२३च्या आधीच्या बहुतेक गाड्या त्यासाठी बनवलेल्या नाहीत. त्यांचं अ‍ॅव्हरेज थोडं उतरतं. सर्व्हिसच्या वेळी इंधनाचे रबरी पाइप बघायला मिस्त्रींना सांगा. सीएनजी असेल तर ती आरसीवर चढलेली हवी आणि टाकीची तीन वर्षांनी होणारी तपासणी झालेली हवी. त्याशिवाय नको.

कर्ज काढणार असाल तर त्याचा हप्ताही या हिशेबात धरा. जुन्या गाडीला नव्यापेक्षा जास्त व्याज पडतं. दीड लाख, चौदा टक्के, तीन वर्षं, तर हप्ता ५,१२५च्या आसपास येतो आणि व्याजच साडेचौतीस हजार होतं. हप्ता आणि गाडीचा खर्च मिळून महिन्याला साडेबारा हजार बाहेर जातात. पगार तीस हजार असेल आणि घरभाडं द्यायचं असेल, तर मी फॉर्म पुढे सरकवायच्या आधी माणसाला चहा पाजते आणि वर्षभर थांबायला सांगते. काहींना राग येतो. येऊ दे.

महिन्याला जेमतेम अडीचशे किलोमीटर होणार असेल, गावची जत्रा, एखादं लग्न, पाली-जेजुरी, तर किलोमीटरचा खर्च सतरा रुपयांवर जातो. जवळपास तेवढ्यातच ड्रायव्हरसकट भाड्याची गाडी दारात येते. अशांना मी गाडी घेऊ नका म्हणते. पण घरात वयस्कर माणूस असेल, डायलिसिसच्या फेऱ्या असतील, गाव एसटीच्या रस्त्यापासून आत असेल, तर हा हिशेब बाजूला ठेवा. रात्री दोन वाजता दारात स्वतःची गाडी असणं काय असतं, हे सासूबाईंच्या आजारपणात मी बघितलंय. त्या वेळी आमच्या जुन्या वॅगन-आरने आम्हाला जे दिलं, त्याची किंमत मी कधी काढली नाही, काढणारही नाही.

आणि गाडीचं नाव? तुमच्या गावातला मिस्त्री जी डोळे मिटून उघडतो आणि जिचे पार्ट तालुक्याच्या दुकानात त्याच दिवशी मिळतात, ती. आपल्याकडे बहुतेक वेळा ती मारुती असते, काही ठिकाणी ह्युंदाई. पाच ते आठ वर्षांची बघा. पहिल्या पाच वर्षांत विम्याच्या हिशेबाने गाडीची निम्मी किंमत उतरलेली असते आणि तो तोटा दुसऱ्याने सोसलेला असतो. पंधरा वर्षांच्या जवळ आलेली घेऊ नका. तिथे फेरनोंदणीचे पाच हजार, हरित कर आणि फिटनेस तपासणी तुमची वाट बघत असते.

बघायला जाताना सकाळी लवकर जा, मिस्त्रींना बरोबर घ्या, त्यांचे पाचशे-हजार रुपये द्या. विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. बॉनेट गरम असेल तर गाडी तुमच्यासाठी आधीच तापवून ठेवली आहे, दुसऱ्या दिवशी पुन्हा या. थंड असेल तर एकाने आत बसून किल्ली फिरवावी आणि दुसऱ्याने मागे सायलेन्सरपाशी उभं राहावं. निळसर धूर आला तर इंजिन ऑइल खातंय. थंडीत सुरुवातीला थोडी पांढरी वाफ येते आणि जाते, ती चालेल. पांढरा धूर थांबतच नसेल तर नमस्कार करून परत या.