बिल कोण अडवणार? मॅनहाइममधला बिझनेस इन्फॉर्मॅटिक्स

गावाकडची कॉमर्सची आणि बीसीएची मुलं हल्ली सारखी विचारतात, "ताई, बिझनेस इन्फॉर्मॅटिक्समध्ये नक्की काय शिकवतात? कोडिंग की अकाउंट्स?" मी जर्मनीतल्या मॅनहाइम विद्यापीठात याच विषयात एमएससी करतेय, तेव्हा जरा सविस्तर सांगते.

समजा, चाकणच्या एका कारखान्याने 100 बेअरिंग मागवली. चलनावर 100, स्टोअरने मोजून आत घेतली 95, आणि बिल आलं 100 चं. हे बिल अडवायचं कोणी? अकाउंट्सने, खरेदी विभागाने की स्टोअरने? ऑर्डर, आवक आणि बिल जुळल्याशिवाय पैसे सोडायचे नाहीत, हे कुठलाही मुरलेला कारकून जाणतो. पण तो नियम सिस्टीममध्ये बसवायचा कसा, किती फरक चालवून घ्यायचा आणि त्याहून जास्त निघाला तर तो कोणाच्या स्क्रीनवर जायचा, हे ठरवणं हा आमचा अभ्यास. त्यासाठी डेटाबेसही यावा लागतो आणि जमाखर्चही.

कोडला हात लावण्याआधी हे सगळं कागदावर काढतात. त्याची ईपीसी (इव्हेंट-ड्रिव्हन प्रोसेस चेन), म्हणजे घटना आणि कामं बाणांनी जोडून आकृती काढायची, अशी एक पद्धत आहे. 1992 मध्ये सारब्रुकेनला आउगुस्ट-विल्हेल्म शेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मांडली. घटना षटकोनात, काम गोल कोपऱ्यांच्या चौकोनात. तिचा एक नियम मला फार आवडतो: घटनेतून थेट 'हे किंवा ते' असा फाटा काढायचा नाही, कारण घटना निर्णय घेऊ शकत नाही. 'बिल आलं' या षटकोनातून 'मंजूर' आणि 'नामंजूर' असे दोन बाण निघाले की आकृती चुकली. मध्ये 'बिल तपासणे' हे काम हवं, आणि ते कोणाचं, हेही शेजारी लिहायचं. ऑफिसांमधली कितीतरी भांडणं नेमकी इथलीच असतात. निर्णय व्हायला हवा असतो, पण तो घ्यायला माणूसच नेमलेला नसतो.

हा विषय या भागात शिकण्याचं सुख वेगळं आहे. 1972 मध्ये आयबीएम सोडलेल्या पाच जणांनी इथून जवळच, वाइनहाइमला, एसएपी ही कंपन्यांच्या हिशेब-कारभाराचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी सुरू केली. पहिलं गिऱ्हाईक म्हणजे ओस्ट्रिंगेनचा आयसीआय कंपनीचा कारखाना. या पाच जणांकडे स्वतःचा कॉम्प्युटर नव्हता, म्हणून ते गिऱ्हाइकाच्याच कॉम्प्युटरवर, त्याच्या माणसांमध्ये बसून पगाराचे आणि हिशेबाचे प्रोग्रॅम लिहीत. पुण्यातल्या ज्या हजारो मुलांचं पोट आज एसएपीवर चालतं, त्यांच्या कामाची सुरुवात अशी कारखान्यातून झालेली आहे. म्हणून ज्याला कोडिंगचा कंटाळा आहे त्याने ही पळवाट म्हणून इकडे येऊ नये, आणि ज्याला स्टोअरच्या रजिस्टरमध्ये डोकं घालायला आवडत नाही त्यानेही नको.

आता खर्च. जर्मनीत सरकारी विद्यापीठं फुकट, असं ऐकून निघू नका. मॅनहाइम बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात आहे आणि इथे युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना 2017 पासून सेमिस्टरला 1,500 युरो फी आहे. म्युन्स्टरसारख्या ठिकाणी, दुसऱ्या राज्यात, ती नाही. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात) वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात (सप्टेंबर 2024 पासूनचा आकडा). आणि एपीएस प्रमाणपत्राची, म्हणजे आपली शिक्षणाची कागदपत्रं खरी असल्याच्या दाखल्याची, तयारी आधी करा.

प्रवेशात खरी अडचण येते ती क्रेडिटची. पदवीला कॉम्प्युटरचे विषय किती क्रेडिटचे होते, हे इथली विद्यापीठं बारकाईने बघतात. निव्वळ बीकॉमवाल्यांचे अर्ज तिथेच अडतात, बीबीए-सीएवाल्यांना जरा वाव असतो. त्यामुळे अजून पदवीला असाल तर डेटाबेस, प्रोग्रॅमिंग, सांख्यिकी हे विषय सोडू नका. आणि शेवटची परीक्षा झाली की प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम, तास आणि क्रेडिट लिहिलेला कागद कॉलेजातून सही-शिक्क्यासह लगेच घेऊन ठेवा. इथे आल्यावर तो मागवणं फार जिकिरीचं होतं.