तुम्ही विचारलेत म्हणून: घरच्या फिती नेटवर का नाहीत?

इंदूरमध्ये मैफलीचे मध्यंतर झाले की कोणीतरी मला गाठतो आणि विचारतो, "स्वतःपुरती कॉपी काढणे कायद्याला चालते ना? मग तुमच्या वडिलांनी घरी ध्वनिमुद्रित केलेल्या मैफली नेटवर टाकायला काय हरकत आहे?" प्रश्न नम्रपणे विचारला जातो, पण मी धनावर बसलेला नाग आहे, हे विचारणाऱ्याच्या मनात ठरलेले असते.

आधी कायद्याचे सांगतो. रामबागेत दोन खणांच्या टेपरेकॉर्डरवर एकाची कॅसेट दुसऱ्यासाठी उतरवली जात होती, तेव्हा 1957 च्या कॉपीराइट कायद्यातील कलम 52 ची खाजगी वापराची सवलत साहित्य, नाट्य, संगीतरचना आणि कलाकृती यांच्यापुरतीच होती. ध्वनिमुद्रणाचे नाव तिच्यात नव्हते. संगणक प्रणाली वगळता कोणत्याही कृतीला ती लागू झाली, ती 2012 च्या दुरुस्तीने. म्हणजे ज्याला आम्ही सगळे आपला हक्क समजत होतो, त्याला त्या काळी लेखी आधार नव्हता. आजही ती सवलत खाजगी वापराला आहे, नेटवरून जगाला वाटण्याला नाही. "पण मी पैसे कुठे घेतो?" हेही पुरेसे उत्तर नाही. कॉपीराइट भंगासाठी कलम 63 मध्ये 6 महिने ते 3 वर्षे कैद आणि 50,000 ते 2 लाख रुपये दंड सांगितला आहे. धंद्याचा हेतू नसेल तर न्यायालय कारणे नोंदवून शिक्षा कमी करू शकते, एवढेच.

यावर जाणकार म्हणतात की हे नियम कंपन्यांच्या तबकड्यांना. तुमची ध्वनिमुद्रणे तर घरची. बरोबर आहे. ज्याने पुढाकार घेऊन आणि जबाबदारीने ध्वनिमुद्रण केले तो त्याचा निर्माता, आणि निर्माता हाच पहिला मालक, असे कायदाच म्हणतो. त्या हिशेबाने या फितींचे मालक माझे वडील, आणि आता मी. हा युक्तिवाद मी स्वतः अनेकांना ऐकवला होता. एकदा तो एका दिवंगत गायकांच्या चिरंजीवांनाही ऐकवला.

ते लग्नासाठी इंदूरला आले होते, आणि 1981 साली आमच्या घरी त्यांचे वडील गायले होते ती मैफल त्यांना ऐकायची होती. मी संगणकावर उतरवलेली प्रत लावली. विलंबित, म्हणजे संथ लयीतला, ख्याल संपेपर्यंत ते मान डोलावत होते, एका सरगमेला तर त्यांनी माझ्या हातावर टाळी दिली. पुढे द्रुतात, म्हणजे जलद लयीत, बुवांचा आवाज फाटला. त्यांनी पुन्हा सा लावून पाहिला, पुन्हा फाटला, आणि माइकवर स्पष्ट ऐकू येते, "माफ करा मंडळी, आता होत नाही." त्यानंतर बऱ्याच वेळाने, जवळजवळ कुजबुजल्यासारखे, ते एक भजन गायले आहेत. आमच्याकडचे रसिक त्या भजनासाठीच ही फीत मागतात. चिरंजीवांनी मात्र ते संपूच दिले नाही. "बंद करा," म्हणाले, आणि मग, "दादा, हे पुसून टाका."

मी नाही म्हणालो. माइक बुवांच्या समोर उघड ठेवला होता, त्यांनी तो पाहिला होता, हरकत घेतली नव्हती. शिवाय मालकीचे ते कलम. ते सगळे त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "बाबा चाळीस माणसांसमोर गायला बसले होते. उद्या त्यांचे नाव शोधणाऱ्याला सगळ्यात आधी हेच सापडले, तर त्याला बाबा कोण वाटतील?" गायकवादकांचा स्वतंत्र हक्क आपल्या कायद्यात 1994 च्या दुरुस्तीने आला, तुमच्या वडिलांची मैफल त्याआधीची, हे वाक्य माझ्या ओठांवर होते. ते मी उच्चारले नाही. मी फीत पुसली नाही, पण ती बाहेर जाणार नाही असा शब्द दिला. ते समाधानाने गेले असे मला वाटत नाही.

पूर्वीचा मी असतो तर या शब्दावर चिडलो असतो. त्या पूर्वीच्या माणसाचे म्हणणे मला आजही खोडता येत नाही. ख्यालगायक उस्ताद अमीर खाँ आपल्या इंदूरचे. 1974 साली ते गेले तेव्हा त्यांच्या तबकड्या मोजक्याच निघालेल्या होत्या. त्यांचे पुष्कळसे गाणे आपल्याला ठाऊक आहे ते आकाशवाणीमुळे आणि कोणीतरी कोणाला न विचारता काढलेल्या प्रतींच्या प्रतींमुळे. त्या मीही ऐकतो, रोज ऐकतो. सर्वांनी माझ्यासारखा शब्द पाळला असता, तर एखादा राग कसा विस्तारावा हे मला कळलेच नसते. मुदत संपण्याची वाट पाहा, हा सल्लाही आमच्या कामाचा नाही: ध्वनिमुद्रणाची 60 वर्षे प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून मोजतात, म्हणून 1960 ची तबकडी 1 जानेवारी 2021 ला मोकळी झाली, आमच्या फिती प्रसिद्धच झालेल्या नाहीत, आणि त्यांच्यावरचा लेप मात्र सुटू लागला आहे.

मध्यंतरी मी चिरंजीवांना पत्र लिहून सुचवले की विलंबित तेवढे सर्वांसाठी खुले करू आणि पुढचे घरात ठेवू. त्यांचे उत्तर आलेले नाही. आले, आणि ते होकारार्थी असले, तरी अर्ध्यावर कापलेली मैफल खरी कशी म्हणावी, असे तुमच्यापैकीच कोणीतरी विचारील, आणि त्याला काय सांगायचे हे मी अजून ठरवलेले नाही.