बिल्डरने आणवलेले स्टेशन

घराच्या जाहिरातीतले ‘स्टेशनपासून पाच मिनिटांच्या अंतरावर’ हे वाक्य आपल्याकडे सर्वांना पाठ असते, आणि ती पाच मिनिटे चालत, धावत की रिक्षाने, हे जाहिरातीत लिहायचे नसते हेही ठाऊक असते. बर्लिनच्या नैर्ऋत्येकडील लिश्टरफेल्डे वेस्ट या उपनगरी स्टेशनावर उतरलो की मला हे वाक्य हमखास आठवते. इथल्या बिल्डरने स्टेशनाजवळ जागा शोधण्याच्या फंदात न पडता आधी जागा घेतली आणि मग स्टेशनच जागेजवळ आणवले.

रुळ मात्र त्याच्याही आधीचे आहेत. प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्यातील पहिला लोहमार्ग बर्लिन ते पोट्सडाम असा होता. त्याचा पोट्सडाम ते त्सेलेनडॉर्फ हा तुकडा २२ सप्टेंबर १८३८ रोजी आणि उरलेला बर्लिनपर्यंतचा तुकडा २९ ऑक्टोबर १८३८ रोजी सुरू झाला. म्हणजे बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटण्याच्या सुमारे पंधरा वर्षे आधीपासून या शेतांमधून गाड्या धावत होत्या. थांबण्याचे कारण नव्हते, म्हणून थांबत नव्हत्या. ते कारण योहान आंटोन विल्हेल्म कार्स्टेन या हॅम्बुर्गकडच्या जमीन-व्यावसायिकाने निर्माण केले. लंडनभोवतालची बंगल्यांची उपनगरे त्याने पाहिली होती आणि हॅम्बुर्गजवळ तसा एक प्रयोगही केला होता. १८६५ मध्ये त्याने लिश्टरफेल्डे आणि गीझेन्सडॉर्फ या दोन जहागिरी विकत घेतल्या, रस्ते आखले, कडेने झाडे लावली आणि प्लॉट पाडले. बर्लिन आणि पोट्सडाम ही दोन शहरे वाढत वाढत एकमेकांना भिडावीत आणि मधले ग्रूनवाल्डचे जंगल त्या महानगराचे उद्यान व्हावे, असे त्याचे स्वप्न होते. शेकडो एकर बटाट्याच्या जमिनीकडे पाहून असे स्वप्न पडायला माणूस द्रष्टा तरी लागतो किंवा प्लॉट विकणारा तरी, आणि कार्स्टेन दोन्ही होता.

या वसाहतीला त्याने एक सोडून दोन स्टेशने मिळवली. पूर्वेच्या आनहाल्ट मार्गावरचे १८६८ मध्ये आले आणि पश्चिमेच्या पोट्सडाम मार्गावरचे, म्हणजे आपले हे, १८७२ मध्ये. रेल्वे कंपनीच्या मागे लागून आणि पदरचे पैसे घालून त्याने हे घडवून आणले. त्यामुळे इमारत कशी दिसावी यातही धंद्याचा विचार होताच. लिश्टरफेल्डे वेस्टची इमारत इटलीतल्या टस्कनीच्या एखाद्या ग्रामीण हवेलीसारखी आहे: बेताचे उतरते छप्पर, बाजूला चौकोनी बुरूज, आणि एकंदर रूप असे की आत तिकीटखिडकी असेल यापेक्षा द्राक्षांचा मळा असलेला कोणी सुखवस्तू गृहस्थ राहत असेल असे वाटावे. बर्लिनहून प्लॉट पाहायला आलेल्या सरकारी अधिकाऱ्याने आणि त्याच्या पत्नीने गाडीतून पाय खाली ठेवताक्षणी पुढच्या घराचा नमुना पाहावा, हा त्यामागचा हिशेब. आजच्या भाषेत सांगायचे तर हा सॅम्पल फ्लॅटच होता, फक्त त्याच्या दारात इंजिन थांबत असे. पुढे समोर वेस्ट-बाझार नावाची दुकानांची देखणी इमारतही उभी राहिली आणि स्टेशनाबाहेरचा चौक पुरा झाला.

गिऱ्हाइके आली आणि त्यांनी आपापल्या हौशीप्रमाणे घरे बांधली. त्यांतली काही पाहण्यासाठी मुद्दाम उतरावे अशी आहेत. ग्लायडरने हवेत उडून दाखवणाऱ्या ओट्टो लिलिएनथालचा भाऊ गुस्टाव लिलिएनथाल याने या परिसरात चिमुकल्या किल्ल्यांसारखी घरे बांधली. त्यांना कंगोरे आहेत, बुरूज आहेत, आणि काहींच्या दारापुढे छोटेखानी पूलही आहे. आतल्या माणसाला सकाळी गाडी पकडायची आहे आणि घराचे रूप मात्र वेढा पडण्याची वाट पाहणारे, हा विनोद त्या काळच्या पोस्टमनला नक्की कळला असेल.

कार्स्टेनला मात्र ही वसाहत पचली नाही. आपल्या उपनगराला वजन यावे म्हणून त्याने लष्करी छात्रांच्या मुख्य शाळेसाठी सरकारला फुकट जमीन दिली आणि वर रस्त्यांपासून इतर सोयींपर्यंतच्या जबाबदाऱ्याही अंगावर घेतल्या. १८७३ मध्ये बाजार कोसळला. सरकारने करारातले कलम न् कलम वसूल केले आणि तो धुळीला मिळाला. १८९६ मध्ये तो वारला. त्या शाळेची जागा मात्र गणवेश बदलत राहिली. १८७८ पासून तिथे प्रशियाचे छात्र, १९३३ नंतर हिटलरची एसएस तुकडी, १९४५ नंतर अमेरिकन सैनिक, आणि आता जर्मनीच्या संघीय अभिलेखागाराचे एक केंद्र. आज कागद चाळायला येणारे अभ्यासक पाठीवर पिशवी टाकून ज्या वाटेने चालत जातात, त्या वाटेवर पूर्वी काय काय खटखटले असेल याची कल्पना न केलेलीच बरी.

छात्रशाळेचा एक फायदा जगाला झाला. तिच्या बांधकामाचे सामान नेण्यासाठी पूर्वेच्या स्टेशनापासून रुळ टाकलेले होते. वेर्नर फॉन सीमेन्सने तेच हाताशी धरले आणि १६ मे १८८१ रोजी सुमारे अडीच किलोमीटरच्या त्या वाटेवर जगातली पहिली नियमित विजेची ट्राम धावू लागली. वीज वरच्या तारेत नव्हती, ती १८० व्होल्टच्या दाबाने खालच्या रुळांतूनच वाहत असे. साहजिकच रस्ता ओलांडणारे घोडे दचकून उधळत आणि माणसांनाही प्रसाद मिळे. मुंबईत ‘सीमेन्सची गाडी आली का’ असे विचारत फलाटावर उभ्या असलेल्यांना त्या नावाचा हा जुना पत्ता सांगावासा वाटतो. उपनगरी विजेच्या बाबतीत तर दोन्ही शहरे जवळजवळ बरोबरीची: बर्लिनची पहिली, शेजारच्या तिसऱ्या रुळातून वीज घेणारी गाडी बेर्नाउच्या मार्गावर ऑगस्ट १९२४ मध्ये धावली आणि मुंबईत व्हीटी-कुर्ला मार्गावर विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी निघाली. लिश्टरफेल्डे वेस्टला मात्र १९३३ पर्यंत वाफेवर भागवावे लागले.

आता रचनेकडे वळतो. सुंदर इमारतीच्या दारात गाडी उभी राहते असे कोणी समजेल, तर तसे आज नाही. १८९१ मध्ये उपनगरी गाड्यांना लांब पल्ल्याच्या गाड्यांपासून वेगळे, स्वतःचे रुळ मिळाले. आज फलाट उपनगरी गाड्यांच्या दोन रुळांच्या मधोमध आहे. भुयारी वाटेने जायचे, जिना चढायचा आणि वर यायचे. डावीकडे शहर, उजवीकडे वानझे तलाव, किंवा तुम्ही तोंड कुठे करून उभे आहात त्याप्रमाणे उलट. दोन्ही दिशांना फलाट एकच असल्यामुळे ‘कितीवर लागणार’ हा प्रश्न पडत नाही आणि पूल चढून पलीकडे धावण्याच्या प्रसंगाला माणूस मुकतो. अडवायला दरवाजे नाहीत. तिकीट काढायचे, छोट्या यंत्राच्या फटीत सरकवायचे, ते ‘टक्’ असा आवाज करून तारीख-वेळ उमटवते आणि बाकी तुमच्या सचोटीवर सोडते. साध्या वेशातला तपासनीस डब्यात उभा राहून ओळखपत्र काढेपर्यंत ही सचोटी टिकते. जलद गाड्यांचे दुःख मात्र ओळखीचे आहे. पूर्वी या मार्गावर बर्लिनमधले पोट्सडामर बानहोफ हे स्थानक ते त्सेलेनडॉर्फ मध्ये कुठेही न थांबणाऱ्या गाड्या असत आणि लोक त्यांना ‘बँकवाल्यांच्या गाड्या’ म्हणत. कार्स्टेनच्या घरांत राहणाऱ्यांनी त्या समोरून धडाडत जाताना पाहायच्या, हे कोणाही डोंबिवलीकराला समजावून सांगावे लागणार नाही.

युद्धानंतर स्टेशनाच्या नशिबी भलताच गुंता आला. बर्लिनचा हा भाग अमेरिकनांकडे, पण संपूर्ण शहरातली एस-बान, म्हणजे उपनगरी रेल्वे, चालवायची राइख्सबान या पूर्व जर्मनीच्या सरकारी रेल्वेने. १९६१ मध्ये भिंत उभी राहिल्यावर, आपल्या तिकिटाच्या पैशांतून तिची काटेरी तार विकत घेतली जाते, या रागाने पश्चिमेच्या लोकांनी गाड्यांवर बहिष्कार घातला आणि पुढची कित्येक वर्षे या मार्गावर मोकळे डबे धावत राहिले. १९८० च्या सप्टेंबरात पश्चिमेतल्या रेल्वे कर्मचाऱ्यांनी संप केला आणि मार्ग बंदच पडला. जानेवारी १९८४ मध्ये पश्चिम बर्लिनमधल्या एस-बानचा कारभार शहराच्या परिवहन संस्थेकडे आला आणि १ फेब्रुवारी १९८५ पासून इथे गाड्या पुन्हा थांबू लागल्या.

या सगळ्या काळात बाजूच्या रुळांवर मात्र एक गाडी नेमाने सुटत होती. अमेरिकन सैन्याचे स्वतःचे स्थानक इथेच होते. तिथून रात्री सैनिक आणि त्यांची कुटुंबे फ्रँकफुर्टला किंवा ब्रेमरहाफेनला निघत, पूर्व जर्मनीतून झोपेत जात आणि सीमेवरच्या मारिएनबोर्नला सोव्हिएत अधिकारी त्यांचे कागद तपासत. दोन महासत्तांचा हा व्यवहार ज्या ठिकाणाहून सुरू होई, ते ठिकाण मुळात बंगले खपवण्यासाठी आलेले होते.

आज एस-१ दर दहा मिनिटांनी येते. रेल्वेला हवेलीची गरज उरली नाही, म्हणून तिथे परिसरातल्या नागरिकांचे केंद्र आहे. ते स्वयंसेवक चालवतात. १८३८ चा मूळ मार्ग युद्धाच्या शेवटी पुढे तुटला, तो पुन्हा जोडून प्रादेशिक गाड्या आणाव्यात असा प्रस्ताव भिंत पडल्यापासून चर्चेत आहे. त्याच्या बाजूनेही नागरिकांच्या संघटना आहेत आणि विरोधातही. विरोधाचे मुख्य कारण आवाज. रेल्वे जवळ आहे म्हणून जी घरे विकली गेली, त्यांतल्या माणसांना ती फार जवळ येईल अशी आता धास्ती आहे.